अंबाझरीमागचा डोंगर

परवा फोनवर तुमचं दोघांचं भांडण मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. थोरलीचं म्हणणं, पुणंच देखणं. धाकट्याचं म्हणणं, नागपूर. दोन्ही शहरांत तुम्ही घालवलेले दिवस एकत्र केले तरी दोन महिने भरायचे नाहीत, पण वाद अगदी जन्मभर तिथेच राहिल्यासारखा रंगला होता. शेवटी निकाल माझ्यावर टाकून तुम्ही जेवायला निघून गेलात. फोनवर मला क्रमानं बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

निकाल द्यायचा अधिकार मला आहे, एवढं आधी सांगते. आयुष्याची पहिली तेवीस वर्षं मी पुण्यात काढली आणि नंतरची सगळी नागपुरात.

पुण्यात आम्ही सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या बोळातून आभाळ चिंचोळं दिसायचं, कापडाच्या पट्टीसारखं. पण बोळ संपला की समोर काहीतरी उभं असायचं. कधी पर्वती, कधी चतुःशृंगीकडची टेकडी, आणि हवा स्वच्छ असली की दूरवर सिंहगड. सगळं शहर डोंगरांच्या वाटीत ठेवल्यासारखं. पावसाळ्यात ती वाटी हिरवी असायची आणि उरलेले आठ महिने खाकी. नदी पुलावरून पाहिली तर सुंदर, खाली उतरून पाहिली तर खडकांवर पसरलेलं पाणी. रस्त्यांवर सायकलीच सायकली. वाट चुकायची भीती कधी वाटली नाही, कारण मान वर केली की पर्वती सांगायची आपण कुठे आहोत ते.

लग्न होऊन मी नागपूरला आले ते साठच्या दशकात, ऐन वैशाखात. वर्धा मागे पडलं तशी मी खिडकीतून डोंगराची वाट पाहू लागले. काळी, भेगाळलेली, सपाट जमीन येत राहिली, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड, आणि मग एकदम स्टेशनच आलं. धरमपेठेकडे येताना रस्ते पाहून मी चकित झाले. एवढे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, आत खोलवर बसलेले बंगले आणि घरं. आणि आभाळ. ते थेट जमिनीपर्यंत खाली आलेलं होतं. आडवं यायला काहीच नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी सीताबर्डीहून घरी येताना चुकले. सवयीनं मान वर केली, पण वर काहीच नाही. पानठेल्यावर एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "सीधं जा बाई. मंग सीधंच जा." तो खोटं बोलत नव्हता. इथे बहुतेक सगळं सरळच असतं, फक्त किती वेळ ते कुणी सांगत नाही.

हळूहळू सवय झाली. मी एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत होते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि तुमची आई. सासूबाई महाल भागातल्या, म्हणजे जुन्या नागपुरातल्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या मते नागपूरच्या पुढे फक्त काशी.

तुमची आई सहा वर्षांची असताना माझी आई गेली आणि बाबा पुण्यात एकटे राहिले. मी त्यांची एकुलती एक. वर्षभर ते दर आठवड्याला 'प्रकृती उत्तम' असं पोस्टकार्ड पाठवत होते. मग एक पोस्टकार्ड त्यांच्या शेजाऱ्यांचं आलं. बाबा जिन्यात घसरून पडले होते. सकाळी पडले ते दुपारपर्यंत तिथेच पायरीवर बसून होते, कुणाला हाक न मारता. हाड मोडलं नव्हतं, पण पाय अधू झाला होता. मी ठरवलं की आता त्यांनी नागपूरलाच राहायचं. माझं ठरलं, तुमच्या आजोबांचं ठरलं, सासूबाईंचंही ठरलं. फक्त बाबांचं ठरायचं होतं.

ते डिसेंबरात आले, आणि आल्या आठवड्यातच त्यांनी तुमच्या आजोबांकडून संक्रांतीनंतरचं परतीचं तिकीट काढून घेतलं.

"बाबा, इथेच राहा ना," मी म्हटलं.

"राहिलो असतो गं. पण इथे नजर टेकवायला काही नाही. सकाळी उठून बघायचं कशाकडे?"

स्टेशनवरून घरी येतानाच त्यांनी सुरुवात केली होती. "रस्ता रुंद आहे. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना पत्रं लिहीत असतील."

हा माणूस निसर्गाची चित्रं काढणारा. त्याला डोंगर लागतात, हे मला पटलं. मग मी ठरवलं की नागपुरात जेवढं उंच आणि जेवढं ओलं आहे, तेवढं सगळं बाबांना दाखवायचं. शाळेचं वेळापत्रक करायचा मला सराव होता. एका कागदावर रविवार आखले, कुठे जायचं, किती वाजता निघायचं, डब्यात काय न्यायचं, सगळं लिहिलं आणि तो कागद स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला. सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. त्यांना मोतीबिंदू होता, अक्षर दिसत नव्हतं. "हे काय करून राहिली वं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या.

पहिल्या रविवारी स्टेशनजवळच्या टेकडीच्या गणपतीला गेलो. बाबांनी मनोभावे दर्शन घेतलं आणि बाहेर येऊन पुजाऱ्यांना विचारलं, "टेकडी कुठे आहे?"

"हीच की. तुम्ही उभे आहात तिच्यावर."

बाबांनी पायांखाली पाहिलं. "अरे हो. माफ करा, पाय दिला."

दुसऱ्या रविवारी सेमिनरी हिल्स. नावातच हिल्स असल्यानं माझी फार आशा होती. सायकलरिक्षा केली. चढ लागला तसा रिक्षावाला खाली उतरून ओढू लागला, तेव्हा बाबाही उतरले आणि काठी टेकत बाजूनं चालू लागले.

"याला चढ म्हणत नाहीत," ते मला म्हणाले. "पुण्यात एवढ्या चढावर आम्ही घसरगुंडीसुद्धा बांधत नाही."

रिक्षावाल्यानं ऐकलं. "बाबूजी, चढ नाही म्हनता, तं मंग उतरले काहून?"

"तुमच्यासाठी उतरलो."

"अन् तुमच्या पुन्याले एवढ्या टेकड्या हाय, तं तिथं रिक्षा कोन ओढते?"

"तिथं स्कूटररिक्षा असते. पेट्रोलवर चालते."

"असं होय," रिक्षावाला घाम पुसत म्हणाला. "म्हनजे टेकड्या पेट्रोलले जड, मानसाले नाही. आमची टेकडी बरी हाय मंग, मानूस पाहून बनवली."

बाबा खूश झाले. वर पोचल्यावर त्यांनी त्याला आपल्या डब्यातली पुरी दिली. टेकडीला मात्र दाद दिली नाही.

तिसऱ्या रविवारी एस.टी.नं रामटेक. तिथला डोंगर खरा होता, ते त्यांनाही मान्य करावं लागलं. "पण याला भेटायला बस लागते," ते म्हणाले. "माझा सिंहगड दूध घ्यायला खाली उतरलो की दिसतो." सिंहगड काही दूध घेताना दिसत नाही, बोळाच्या तोंडाशी जावं लागतं, हे मला ठाऊक होतं.

मग आलं अंबाझरी. हे तळं घरापासून जवळ, आणि माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता. थंडीतली सकाळ होती. बांधावरून पश्चिमेकडे पाणीच पाणी, पलीकडे झुडुपांची एक बारीक रेघ, आणि त्याच्यावर सगळं आभाळ. बाबांनी न बोलता फळी मांडीवर घेतली, कागद लावला आणि रंग काढले. दीड तास ते मान खाली घालून काम करत होते. मला वाटलं, जिंकलं.

चित्र झालं तेव्हा तुमची आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं चित्राकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"आजोबा, हा डोंगर कुठे आहे?"

पाण्याच्या मागे बाबांनी सुरेख जांभळा डोंगर काढला होता, वरून सपाट, डाव्या अंगाला थोडा उतरता. मी तो लगेच ओळखला, सिंहगड.

"नाही आहे," बाबा म्हणाले. "पण असायला हवा होता. नाही तर चित्र थांबणार कुठे?"

त्या संध्याकाळी मी खचले. तिकिटाला आठ दिवस राहिले होते. पुण्यातला तो जिना डोळ्यांपुढून हलत नव्हता. स्वयंपाकघरात सासूबाई संक्रांतीचे तीळ निवडायला बसल्या होत्या. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटांनी खडा बरोबर सापडायचा त्यांना. मी म्हटलं, "आई, बाबांना नागपूर आवडतच नाही. मी आता आणखी काय दाखवू?"

"नागपूर काहून आवडणार नाही? नागपुरानं काय केलं त्यांचं?"

"त्यांना डोंगर पाहिजे."

"अवं, तू शिकलेली, अन् हे नाही कळत?" त्यांनी ताट खाली ठेवलं. "व्याही पहिल्या दिवशी व्हरांड्यात ज्या खुर्चीवर बसले, आजही तिथंच बसून राहिले. सकाळी अंथरूण घडी करून आपल्या ट्रंकेवर ठेवतात. पंचा दोरीवर नाही वाळत घालत, ट्रंकेच्या कडीला घालतात. दुसरा भात घेत नाहीत. महिना झाला, या घरात पाण्याचा तांब्या एकदा स्वतः भरून घेतला नाही. मागतात. पाहुणा मागतो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"लेकीच्या सासरी राहायचं म्हणजे त्यांना लाज वाटून राहिली. जुनं माणूस आहे. आमच्या वडलांनी तर माझ्या घरी पाणी घेतलं नव्हतं, तुझा नवरा जन्मेपर्यंत. हे असं तोंडानं कोण बोलणार? म्हणून डोंगर सांगतात. अन् तू त्यांना दर रविवारी एक टेकडी दाखवून राहिली."

मला फार शरम वाटली. त्यांच्या घडी केलेल्या अंथरुणावर मी रोज सकाळी चादर टाकत होते, पण ते ट्रंकेवर का आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बाबा एकेक मुद्दा काढत होते आणि मी वादविवाद स्पर्धेतल्या मुलीसारखी त्याला उत्तर देत होते. मुद्दा डोंगराचा नव्हताच.

आमच्या घराला बाजूच्या गल्लीत उघडणारी एक खोली होती. माझे सासरे वकील होते, त्यांचे अशील तिथे बसायचे. ते गेल्यापासून तिच्यात कोळशाची पोती, मोडकी सायकल आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या. सासूबाईंनी ती दोन दिवसांत रिकामी करवली, आतून चुना मारून घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराआड होते.

"व्याहीबुवा, ही बाजूची खोली रिकामी आहे. भाडेकरू पाहिजे."

"मी इथं कुणाला ओळखत नाही, विहीणबाई. कुणाचं नाव सांगू?"

"तुमचंच सांगा. पाहुणा आता पुष्कळ झाला. मला शेजारी पाहिजे. दार वेगळं, कुलूप तुमचं, चहाचा स्टोव्ह तुमचा. आमच्या घरात उघडणारं आतलं दार आहे, त्याची कडी तुमच्या बाजूनं. वाटलं तर उघडा, नाही तर राहू द्या."

बाबांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "आणि भाडं?"

"माझे डोळे गेले. रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायचा. सगळा. मोठ्यानं. मधलं गाळायचं नाही."

"निधनवार्तासुद्धा?"

"त्या आधी."

"विचार करतो," बाबा म्हणाले. पण त्या दुपारी ते खोली पाहायला गेले. पश्चिमेला खिडकी होती आणि तिच्यापुढे मोकळं मैदान. ट्रंक त्यांनी स्वतःच ओढत नेली, तुमच्या आजोबांना हात लावू दिला नाही. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," असं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीकडच्या पायरीवर वाचन सुरू झालं. बाबा खुर्चीत, सासूबाई पायरीवर उन्हाला पाठ देऊन. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करत होते आणि तुमचे आजोबा दाढी करत होते. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून येऊन गेलेले पाहुणे नागपूरची हवा फार छान म्हणत होते, अशी काहीतरी बातमी असावी.

"छानच म्हणणार," सासूबाईंचा आवाज आला. "थंडीत येतात, संत्री खातात, निघून जातात. एकदा मे महिन्यात भरवा म्हणावं अधिवेशन."

"मे महिन्यात इथे माणसं राहतात?"

"राहतात. सगळीच पुण्यासारखी नाजूक नसतात."

"नाजूक? विहीणबाई, मी सिंहगड अनवाणी चढलो आहे!"

"अन् उतरताना कोणी उचलून आणलं?"

"कुणी नाही! आणि तुमच्या इथे चढायचं म्हटलं तर आहे काय? गणपतीची टेकडी? तिच्यावर तर चुकून पाय पडतो!"

"आमचा गणपती भक्तांच्या गुडघ्यांचा विचार करतो. तुमच्या पर्वतीवरच्या देवाला आहे काय काळजी?"

आवाज चढत गेले. तुमचे आजोबा एका गालाला साबण तसाच ठेवून दारात आले. "अगं, भांडण लागलं की काय?" मी तवा उतरवून धावणारच होते, आणि तशीच थांबले. महिना-दीड महिन्यात बाबांनी या घरात एकदाही आवाज चढवला नव्हता. पाहुणा कधी यजमानाशी भांडतो का?

तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली. बाबा तरातरा स्वयंपाकघरात आले, माठावरचा पेला उचलला, पाणी घेतलं, घटाघटा प्यायले आणि मला म्हणाले, "तुझी सासू भयंकर हट्टी बाई आहे." आणि उत्तराची वाट न पाहता परत गेले. अग्रलेख राहिला होता म्हणे.

त्या दुपारी त्यांनी खिशातून तिकीट काढून तुमच्या आजोबांपुढे धरलं. "हे रद्द होतं का बघा. नाही झालं तरी हरकत नाही." आजोबा तसेच सायकल काढून स्टेशनवर गेले. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि थोडा वेळ रडले. बरं वाटलं.

मे महिन्याची मला भीती होती. पण बाबांनी नागपूरचा उन्हाळा एखाद्या नव्या विषयासारखा अभ्यासला. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दर तासाला पाणी, दुपारी पन्हं, रात्री अंगणात खाट. पडद्यावर पाणी मारताना ते गुणगुणत असत. पुण्याशी तुलना बंद झाली नाही, ती कधीच बंद झाली नाही. फक्त आता ती दोन्ही बाजूंनी चालायची. "पुण्यात सूर्य मावळतो तो डोंगराआड जाऊन, चोरासारखा," एकदा म्हणाले. "इथला शेवटपर्यंत समोर उभा राहतो." त्यांची नंतरची चित्रं तुमच्या आईकडे आहेत, मागून घ्या. कागदाच्या तळाशी बोटभर जमीन, वर सगळं आभाळ. डोंगर कुठेच नाही.

आता निकाल. देखणं पुणंच आहे, थोरली जिंकली. त्याला कोपरे आहेत, चढउतार आहेत, वळणावळणाला ते काहीतरी लपवतं आणि काहीतरी दाखवतं. आज तिथे उंच इमारती झाल्या आणि पर्वती शोधावी लागते, तरी अजून देखणं आहे. नागपूर तसं नाही. ते आल्याबरोबर सगळं दाखवून टाकतं आणि मग तुम्ही बघायचं सोडून राहू लागता. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे नीट पाहिलेलंच नाही, हे मला हे लिहिताना कळलं. धाकट्यानं वाईट वाटून घेऊ नये. त्याला नागपूर का आवडतं ते मला कळतं, आणि ते फोटोत येणार नाही.

बाबा त्या खोलीत अकरा वर्षं राहिले. दर सकाळी पेपर वाचला आणि भांडले. सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना स्वच्छ दिसू लागलं, तरी वाचन चालूच राहिलं. "भाडं माफ नाही होत," त्या म्हणायच्या.

एकदा पुण्याहून त्यांचा एक जुना विद्यार्थी काही कामासाठी आला आणि शोधत शोधत त्यांच्या दाराशी पोचला. मी आतल्या दारातून चहा घेऊन गेले तेव्हा तो विचारत होता, "सर, म्हणजे आता तुम्ही मुलीकडेच असता?"

"छे छे," बाबा म्हणाले. "मी स्वतंत्र राहतो. मुलगी शेजारी राहते. शेजार चांगला मिळाला, एवढं मात्र खरं."

मी चहाचे कप खाली ठेवले आणि शेजारधर्म म्हणून पाहुण्यांना विचारलं, साखर किती घालू.